दिलेल्या मजकुराप्रमाणे

३ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठिपकी हिस,

तुझ्या पित्याचे आशीर्वाद तुला आज नको असतील. तरीही ते पहिल्या ओळीत लिहिणे योग्य असते, म्हणून लिहीत आहे. खालचा मजकूर वाचावा किंवा न वाचावा, हा सर्वस्वी तुझा अधिकार आहे.

परवा दूरध्वनीवर तू एवढेच म्हणालीस, "बाबा, आता फोन करू नका. जे सांगायचं ते लिहून पाठवा. लिहिताना तरी तुम्ही सरळ असता." आणि यंत्र ठेवून दिलेस. मी माझे कानाशी धरून काही काळ तसाच उभा राहिलो. आत बारीक सुरसुर चालू होती, कोणी फार दूर पांढऱ्या भिंतीवर कोरडा ब्रश फिरवत असावे तशी.

परिचारिका परिषदेने तुला पंचवीस तारखेस चौकशीसाठी बोलावले आहे आणि तुझा परवाना राहतो की जातो, याचा निर्णय त्या दिवशी होणार आहे, हे मी जाणून आहे. तुझ्या दवाखान्याच्या पाटीवरील मजकूर कोणी ठरवला, अशी विचारणा परिषदेने, ती रंगवणारा म्हणून, माझ्याकडेही केली होती. त्यास मी दुकानाच्या छापील कागदावर, समास सोडून, उत्तर पाठवले. ते असे : "गेल्या चोपन्न वर्षांत ग्राहकाने दिलेल्या मजकुरात मी एका अक्षराचाही बदल केलेला नाही." हे वाक्य माझ्या प्रत्येक कागदाच्या तळाशी छापलेले असते. ते पाठ आहे.

तुझे म्हणणे असे की तू दिलेल्या चिठ्ठीत 'डॉक्टर' हा शब्द नव्हता. असेल. माणसाची स्मृती आहे, दोघांपैकी एकाची चुकत असेल. मी वयाने मोठा आहे, इतकेच तूर्त नमूद करतो.

आज जेवणानंतर दुकानातच डोळा लागला. स्वप्नात गावातील सर्व पाट्या दारांवरून उतरून रस्त्याने चालत होत्या. वकिलांच्या, शिंप्यांच्या, दंतवैद्यांच्या. कोणाचाही धक्का कोणास लागत नव्हता. त्यांच्या मागून तू चालली होतीस, सहा वर्षांची, हातात शून्य क्रमांकाचा, सर्वांत बारीक ब्रश. तेव्हा तू स्टुलावर उभी राहून माझ्या पाट्यांवरील अनुस्वार देत असस, म्हणून तुझे नाव ठिपकी पडले. स्वप्नात मात्र तू ठिपके देत नव्हतीस. एकेका पाटीपाशी थांबून वाचत होतीस आणि मान हलवून पुढे जात होतीस.

प्रकृतीस जपावे.

तुझे वडील


७ नोव्हेंबर

प्रिय ठिपकी हिस,

तुझे उत्तर आले नाही. टपालास विलंब होतो, हे मी समजून घेतले आहे.

समोरच्या घरातील मेट्रनबाई तुला आठवत असतील. सेवानिवृत्त झाल्यापासून त्या संध्याकाळी माझ्या दुकानापुढील बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्यावरून त्यांचे आजार ओळखतात. मी त्यांना सहज म्हणून विचारले, की एखाद्या शिकलेल्या परिचारिकेच्या नावाआधी 'डॉक्टर' लिहिले गेले तर त्यात एवढा अपराध कोणता?

त्या म्हणाल्या, "पेंटरसाहेब, उद्या तुम्ही दारावर 'न्यायाधीश' लिहाल का?"

"मी चौथी उत्तीर्ण आहे. मी असे का लिहावे?"

"तुमची लेक तुमच्याहून चौदा वर्षं जास्त शिकली, तरी तिला तो शब्द नको होता. आणि तुम्ही तो तांबड्या रंगात लिहिलात."

"तांबडा नाही. गडद निळा, आणि कडेस सोनेरी रेघ."

"घ्या! रंग बरोबर आठवतो. मजकूर तेवढा आठवत नाही."

काळे अस्तर दिलेला एक पत्रा वाळत ठेवला होता. तो ओढून बाईंनी माझ्याच खडूने त्यावर एक शिडी काढली. रेषा वाकडी आली, परंतु मी बोललो नाही.

"ही खालची पायरी माझी," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांचा डिप्लोमा, मग परिषदेत नोंदणी. सदतीस वर्षं याच पायरीवर उभी राहिले आणि नव्या डॉक्टरांना सुई कशी धरायची ते शिकवलं, तेसुद्धा त्यांना कळू न देता. ही पुढची, चार वर्षांची पदवी. ही त्याच्या वरची, दोन वर्षांची, एम.एस्सी. तुमची लेक इथे चढली. आणि इथून तिनं आणखी एक परीक्षा दिली, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली ठरलेले तास भरले, तेव्हा तिला प्रगत परिचारिकेचा वेगळा परवाना मिळाला."

"त्याने काय होते?"

"ती रुग्ण तपासू शकते. रक्त-लघवी तपासायला लिहून देऊ शकते. एक ठरलेली यादी असते, त्यातली औषधं स्वतःच्या सहीनं देऊ शकते. ताप, साखर, रक्तदाब, गरोदर बाई, हे सगळं ती बघते. आणि यादीबाहेरचं काही दिसलं की क्षणभर न थांबता पुढे पाठवते. ते पुढे पाठवणं हे तिच्या कामातलं अर्धं काम. कळलं?"

मी म्हणालो, की शिडीला वर अजून एक पायरी दिसते.

"ती डॉक्टरेट. परिचर्येतलीच. तिथे पोचलेली बाई कॉलेजात नावापुढे डॉक्टर लावते आणि तो तिचा हक्क आहे. पण तीसुद्धा दवाखान्याच्या दारात नुसतं 'डॉक्टर' लिहीत नाही. दारात आलेला माणूस तिचं विद्यापीठ बघायला आलेला नसतो. त्याच्या छातीत दुखत असतं." बाईंनी खडू झटकला. "पदवी म्हणजे डोक्यात काय गेलं. पद म्हणजे तुम्हाला कोणत्या खुर्चीत बसवलं. आणि परवाना म्हणजे तुमच्या हातांना काय करायची मुभा आहे. तुम्ही तिन्ही डबे एकात ओतलेत, पेंटरसाहेब. आता तो रंग कोणता म्हणायचा?"

त्या गेल्यानंतरही मी शिडी पुसली नाही. उन्हे उतरली, पत्र्याचा काळा रंग आणि बाहेरचा रस्ता एकच झाले आणि ती पांढरी शिडी दुकानात अधांतरी उभी राहिली. तिच्या तिसऱ्या पायरीवर तू बसली होतीस, पाय खाली सोडून. मी वर पाहत होतो. इतकी वर्षे मला वाटत होते की तू एका शिडीवर चढायचे सोडून दुसरीवर चढलीस. ही शिडी केवढी उंच आहे, हे मी कधी मान वर करून पाहिलेच नव्हते.

तुझे वडील


१२ नोव्हेंबर

प्रिय ठिपकी,

मागील दोन पत्रे तू फाडली असलीस तरी चालेल. हे फाडू नये, ही विनंती.

तू म्हणालीस, लिहिताना तरी मी सरळ असतो. ते खरे नाही.

दुकानात एक तार आहे. ग्राहकाने दिलेली प्रत्येक चिठ्ठी काम झाल्यावर मी तीत टोचून ठेवतो. तुझी चिठ्ठी तेथेच आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. परिषदेस उत्तर लिहितानाही ती माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. आज ती काढली. तुझ्या हस्ताक्षरात पाच ओळी आहेत. पहिलीत तुझे नाव. दुसरीत 'परवानाधारक प्रगत परिचारिका'. तिसरीत पदवी, चौथीत नोंदणी क्रमांक. आणि पाचवी ओळ, जिच्याखाली तू दोनदा रेघ ओढली आहेस : 'येथे डॉक्टर नाहीत. तातडीच्या वेळी थेट मोठ्या रुग्णालयात जावे.'

दुसरी ओळ मी गाळली आणि नावाआधी तो शब्द घातला. पाचवी ओळ लिहिलीच नाही.

पाचवीविषयी मी स्वतःस असे समजावले, की पाटीवर जे आहे ते लिहितात, जे नाही ते कोणी लिहीत नाही. शिंपी 'येथे जोडे मिळत नाहीत' असे लिहून घेत नाही. हे समर्थन मला त्या वेळी अगदी निर्दोष वाटले. खरे कारण असे, की माझ्या मुलीच्या दारावर, माझ्या हाताने, 'नाहीत' हा शब्द लिहवेना.

आणि पहिल्या शब्दाचे कारण अधिक जुने आहे. तू परिचर्या महाविद्यालयात प्रवेश घेतलास त्या आठवड्यात एक शल्यविशारद पाटीसाठी आले होते. त्यांनी विचारले, "मुलगी काय करते?" मी म्हणालो, "डॉक्टरकी शिकते." ते म्हणाले, "वा, पेंटर!" आणि प्रथमच त्यांनी मला बसण्यास सांगितले, माझ्याच दुकानात. तो शब्द मी पुढे अनेकांना सांगितला. अकरा वर्षे सांगितला. पाटी रंगवताना मला असे भासले की मी एक जुने असत्य खरे करून टाकत आहे. अक्षर पक्के असले की गोष्ट पक्की होते, अशी माझी समजूत होती.

ती पाटी मी तुला विस्मय वाटावा म्हणून आणली. तू दूरच्या वस्तीत रुग्ण पाहण्यास गेली होतीस. मी दुपारी ती दारावर ठोकली आणि संध्याकाळच्या बसने परत निघालो. तुझ्या गावात तेव्हा धुके उतरत होते. बसच्या मागील काचेतून रस्ता गेला, झाडे गेली, घरे गेली, शेवटी धुक्यात केवळ ती पाटी उरली. ती कोणत्याही भिंतीवर नव्हती. हवेत होती. मी आयुष्यात इतका सुखी क्वचितच झालो असेन.

त्या रात्री तू मागील दाराने घरात आलीस आणि सकाळी मागील दारानेच दवाखान्यात गेलीस, हे मला नंतर समजले. अकरा वाजता, ज्यांच्यावरून ही चौकशी निघाली त्या वृद्ध बाईंना घेऊन त्यांचा मुलगा आला. त्यांचा चेहरा एका बाजूस ओघळला होता. ते मोठ्या रुग्णालयाकडेच निघाले होते, परंतु वळणावर पाटी दिसली आणि त्यांनी गाडी आत घेतली. तू त्यांना क्षणात ओळखलेस, क्षणात पुढे पाठवलेस. तरी वळण घेण्यात, उतरण्यात, पुन्हा चढवण्यात अर्धा तास गेला. आता त्यांचा डावा हात उठत नाही. त्या अर्ध्या तासाने तो वाचला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही, असे तू म्हणाली होतीस. त्यानंतर तू बाहेर जाऊन पाटी वाचलीस.

आणखी एक गोष्ट आहे. तुझी आई आजारी होती ते अकरा महिने मी त्याच रुग्णालयाच्या पाट्या रंगवण्याचे काम मागून घेतले होते. तू लोकांना सांगत असस, बाबा आईच्या जवळ राहावे म्हणून तेथे काम करत. मी जवळ होतो हे खरे. तिच्या कक्षाच्या दारावर 'शांतता राखा' हे शब्द मी तीन वेळा रंगवले, पहिले दोन्ही ठीक असताना. आत मात्र मी फार थोडा गेलो. तू बारा वर्षांची, आत एका परिचारिकेकडून आईला कुशीवर वळवण्यास शिकत होतीस. डॉक्टरांची नावे मला आजही क्रमाने आठवतात, कारण ती मी लिहिली. त्या परिचारिकेचे नाव कोणत्याही दारावर नव्हते, म्हणून मला ते ठाऊक नाही. तू काय व्हायचे ते त्या खोलीत ठरवलेस, आणि मी दाराबाहेर उभा राहून भलतेच वाचत होतो.

तुझे वडील


१६ नोव्हेंबर

प्रिय ठिपकी,

आज परिषदेस पाठवलेल्या निवेदनाची नक्कल सोबत जोडली आहे. त्यात लिहिले आहे की माझे पूर्वीचे उत्तर असत्य होते, मजकुरातील सर्व बदल मी स्वतःच्या मर्जीने केले, तुला त्यांची कल्पना नव्हती, आणि मूळ चिठ्ठी मी सुनावणीस घेऊन येईन. चार वेळा लिहिले. तिसऱ्या वेळी 'अनवधानाने' असा शब्द आला होता. तो शब्द पाहून मेट्रनबाई म्हणाल्या, "हा कुठून आला? अनवधानानं माणूस रेघा मारून सोनेरी कड काढतो का?" मी तो गाळला.

छापील कागदांच्या तळाशी असलेले वाक्य मी सर्व कागदांवर खोडत बसलो आहे. बाई म्हणाल्या, "जाळून टाका की सगळे." मी म्हणालो, "खोडलेले दिसले पाहिजे." त्या म्हणाल्या, "तुमच्याशी संसार करणाऱ्या बाईला एखादं पदक द्यायला हवं होतं." त्यानंतर त्याही एक पेन घेऊन बसल्या. दोघांनी मिळून अंधार पडेपर्यंत रेघा ओढल्या. त्या रेघांचा आवाज ऐकत असताना मला वाटले, आपण एखाद्या होडीत बसलो आहोत आणि कोणीतरी सावकाश वल्ही मारत आहे.

निवेदन पाठवल्याने मला हलके वाटेल, असा समज होता. तसे झालेले नाही. पंचवीस तारखेला नऊ दिवस आहेत आणि माझे पहिले उत्तर अजून तुझ्याविरुद्धच्या कागदांत सर्वांत वर लावलेले आहे.

तुझे वडील


२६ नोव्हेंबर

प्रिय ठिपकी,

काल तू समोरच्या रांगेत होतीस आणि तू माझ्याकडे पाहिले नाहीस. ते योग्यच होते. म्हणून मला काय दिसले ते लिहितो.

परिषदेच्या इमारतीतील व्हरांडा फार लांब आहे आणि त्याच्या टोकास मोठी खिडकी आहे. सकाळच्या उजेडात सर्व माणसे केवळ काळ्या आकृत्या होती. त्यांच्यात पांढऱ्या वेशातील कोण आणि साध्या वेशातील कोण, कोण शिकलेले आणि कोण चौथी, काहीच ओळखू येत नव्हते. मला क्षणभर असे वाटले की मी मरण पावलो आहे आणि येथे पुढे कोठे जायचे ते विचारावयाचे आहे. पाटी शोधली. दारावर पाटी नव्हती, एक कागद चिकटवला होता, तोही तिरका.

मध्यभागी बसलेल्या अध्यक्षबाईंपुढे नावाचा फलक होता. त्यावर प्रथम 'परिचारिका' लिहिले होते आणि मागून डॉक्टरेट. मी तो दोनदा वाचला. शिडीच्या वरच्या पायरीवरची स्त्री, आणि तिने पहिला शब्द तो ठेवला होता.

त्यांनी विचारले, "शिक्षण?"

"इयत्ता चौथी, उत्तीर्ण."

परिषदेच्या वकिलाने माझे पहिले उत्तर वाचून दाखवले. माझे वाक्य त्याच्या तोंडी फार रुबाबदार वाटत होते. मग तो म्हणाला, "आजोबा, मुलगी अडचणीत आली म्हणून तुम्ही आज खोटं बोलताय, की तेव्हा बोलला होतात?"

"तेव्हा."

"कशावरून मानायचं?"

मी चिठ्ठी दिली. तारेचे भोक पाचव्या ओळीच्या बाजूने गेले होते, अक्षरांस लागले नव्हते. ती चिठ्ठी एका हातातून दुसऱ्या हातात जात असताना मी तुझ्या मानेकडे पाहत होतो. तुझ्या मानेवर एक केस मोकळा सुटला होता. एवढीच गोष्ट मला त्या सभागृहात ओळखीची होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही हे का केलंत?"

मी उत्तर तयार करून नेले होते. ते सुवाच्य होते. ते न वाचता मी म्हणालो, "मला परिचारिका हा शब्द लहान वाटत होता."

तेथे नऊ स्त्रिया बसल्या होत्या. शेवटच्या खुर्चीवरील एक बाई हलकेच म्हणाल्या, "आमच्याही घरी वाटतो, आजोबा," आणि दोघी-तिघींच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेले. मला बसण्यास सांगितले तेव्हा मी उभा राहिलो. ते योग्य वाटले.

निर्णय तू ऐकलाच आहेस. परवाना राहिला. आपल्या दारावर काय लिहिले आहे हे पाहणे परवानाधारकाचे काम असते, म्हणून तुला लेखी ताकीद, आणि मंजूर मजकुराची पाटी लागेपर्यंत दवाखाना बंद. ताकीद माझ्या वाट्याची होती. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस.

बाहेर त्या वृद्ध बाईंचा मुलगा उभा होता. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "मला नको. आईला सांगा." मी म्हणालो, पत्ता द्यावा. त्याला वाटले नव्हते की मी मागेन.

दुपारी मी तेथे गेलो. खोलीत खिडकीपाशी पलंग होता. त्यांचा डावा हात चादरीवर ठेवलेला होता, कोणी आपला हातमोजा विसरून जावा तसा. मी उभ्यानेच सांगितले, की पाटी माझी होती आणि ती खोटी होती. त्यांचे बोलणे जड झाले आहे. त्यांनी शब्द एकेक करून काढले.

"तुमचं... अक्षर?"

"होय."

"फार... सुंदर होतं." बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणून तर... मी मुलाला म्हटलं... थांब."

मी तेथे सायंकाळपर्यंत बसलो. त्यांनी जा म्हटले नाही. पडद्यातून येणारा उजेड भिंतीवरून हळूहळू सरकत होता. तो जेथे जेथे गेला तेथील भिंत कोरी होती. चोपन्न वर्षांत कोऱ्या भिंतीकडे मी काम म्हणूनच पाहिले होते. काल प्रथमच ती तशीच राहावी असे वाटले. त्या झोपल्यावर मी चादर त्यांच्या हातावर ओढली आणि निघालो.

तुझे वडील


१९ जानेवारी, सकाळ

प्रिय ठिपकी,

हे पत्र मी मोठ्या रुग्णालयातील बाकावर बसून लिहीत आहे. तू माझ्यापासून तेरा पावलांवर, औषधांच्या खिडकीपुढील रांगेत, तुझ्या पुढे चार माणसे, अशी उभी आहेस. एवढ्या जवळच्या व्यक्तीस मी आजवर पत्र लिहिलेले नाही. परंतु काल जे घडले ते तोंडाने नीट सांगता येईल, असा भरवसा वाटत नाही.

काल मी तुझ्या गावी केवळ नवी पाटी पाहण्यास आलो होतो. तुला भेटण्याचा हेतू नव्हता. पाटी वाचावी आणि दुपारच्या बसने परतावे, असे ठरवले होते. चढावर मात्र धुके इतके दाट होते की पाय जमिनीस लागतात की नाही, हे समजेना. छातीत काहीतरी फडफडत होते. मला ते धुकेच आत शिरल्यासारखे वाटले. मग पाटी दिसली. यंत्रावर छापलेली, अक्षरे सारख्या जाडीची, जीव नसलेली. पाचही ओळी होत्या. शेवटची सर्वांत मोठ्या अक्षरांत होती आणि ती मला रस्त्यावरून, धुक्यातून, चष्मा न पुसता वाचता आली.

मी ती तिसऱ्यांदा वाचत असताना तू दारात आलीस. अडीच महिन्यांनी तू माझ्याशी जे पहिले वाक्य बोललीस ते असे : "किती दिवस अशी धाप लागतेय?"

"धाप नाही. चढ आहे."

"चढ मी रोज चढते. आत या. शर्ट वर करा."

बाकावर तीन रुग्ण होते. मी म्हणालो की त्यांचा क्रमांक आधी आहे. एक बाई म्हणाली, "जावा आजोबा, आमच्या सिस्टर रागावल्या की ऐकत नाहीत कुणाचं." मी गेलो.

मी तुला काम करताना कधी पाहिले नव्हते. तू माझे मनगट धरलेस आणि खिडकीबाहेर पाहू लागलीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ओली अक्षरे तपासताना मी जसा श्वास धरतो, तसा तू धरला होतास. तू कितीतरी वेळ ठोके मोजत राहिलीस. त्या वेळात माझे सर्व वय हळूहळू तुझ्या बोटांखालून जात होते, असे मला वाटले.

"नाडी मध्येच चुकतेय," तू म्हणालीस. "यावरचं औषध माझ्या यादीत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी बघायला हवं. आजच."

"तू पाहिलेस. तेवढे पुरे आहे."

"पुरे नाही, बाबा. तेच तर मी सांगतेय."

मी तुझ्याशी वाद घातला नाही. तू हे बहुधा लक्षात घेतले नसेल, कारण तू पुढे पाठवण्याची चिठ्ठी भरत होतीस. वय, तक्रार, नाडीचे ठोके, दिलेले उपचार. तू माझ्याकडे न पाहता सर्व लिहिलेस, शिक्का मारलास, आणि ती बंद पाकिटात घालून माझ्या हाती दिलीस. मला वाटले, आता तू मला वाहनात बसवून देशील आणि पुढच्या रुग्णास बोलावशील. तू मफलर घेतलास, बाकावरील तिघांना उद्या येण्यास सांगितलेस, दाराला कडी लावलीस, आणि वाहनात माझ्या शेजारी बसून संपूर्ण रस्ताभर काचेबाहेर पाहत राहिलीस. मीही पाहत होतो. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हते.

काल संध्याकाळी त्यांनी मला तपासून ठेवून घेतले. आज सकाळी तू तोंड धुण्यास गेली असताना येथील कारकुनाने नोंदीसाठी पाकिटातील चिठ्ठी काढली. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "पाठवणार : प्रगत परिचारिका. सोबत आलेली व्यक्ती : मुलगी. आणि सही दोन्हीकडे एकच? या दोघी एकच का?"

मी चिठ्ठी मागून घेतली आणि वाचली. 'सोबत आलेली व्यक्ती' या जागेत तू तो शब्द घाईने लिहिला आहेस. वेलांटी नीट वळलेली नाही.

मी म्हणालो, "होय. दोन्ही खरे आहे."

त्याने नोंद केली.

आता तुझ्यापुढे कोणी उरलेले नाही. खिडकीतील माणूस तुला काही विचारत आहे आणि तू बोटाने माझ्याकडे दाखवत आहेस. मला वाटले तू बोलावलेस, म्हणून मी उठू लागलो. तू तेथूनच हात खाली करून खूण केलीस, की बसून राहा.

मी बसलो आहे.